‘क’काराची किल्ली : स्पॅनिशमधील प्रश्नार्थक शब्द
(ग्रंथालयाच्या सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



बडोद्याच्या उत्तरेस नंदेसरी येथे रसायनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथे नोकरी करणारा मराठी गृहस्थ घरी ‘का’ आणि ‘कसे’ असे दोन शब्द वापरतो. कारखान्यात मात्र त्याचे काम बहुधा ‘केम’ या एकाच शब्दावर भागते. ‘झडप का बंद केली?’ या प्रश्नाचे उत्तर कारण असते. ‘झडप कशी बंद केली?’ याचे उत्तर रीत असते. रसायनांच्या कामात या दोहोंची गल्लत परवडणारी नाही. म्हणूनच नेमकेपणा हवा असेल तेथे गुजराती माणूसही ‘शा माटे’ आणि ‘केवी रीते’ असे निराळे शब्द योजतो. उणीव गुजरातीत नाही. परंतु ‘केम’ची सवय मराठीत शिरली आणि ‘काल कसा आला नाहीस?’ असे विचारले गेले, की साध्या चौकशीला जाब विचारल्याचा सूर लागतो.

हा भेद जपण्याचे फळ परकी भाषा शिकताना हाती येते. स्पॅनिशचेच उदाहरण घ्यावे. स्पेनपासून मेक्सिको आणि अर्जेंटिनापर्यंत पसरलेली ही भाषा मराठी विद्यार्थी बहुधा इंग्रजीतून शिकतो आणि प्रश्नार्थक शब्दांपाशी अडखळतो. ‘स्पेनची राजधानी कोणती?’ हे विचारताना इंग्रजी ‘व्हॉट’ला स्मरून तो ‘के’ म्हणजे ‘काय’ हा शब्द घालतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘कुआल एस ला कापिताल दे एस्पान्या?’ ‘कुआल’ म्हणजे ‘कोणता’. विद्यार्थ्याने मराठीला विचारले असते, तर ही चूक झालीच नसती. ‘राजधानी म्हणजे काय?’ असा व्याख्येचा प्रश्न असेल तेथे ‘के’. अनेकांतून एकाची निवड असेल तेथे ‘कुआल’. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की प्रश्नार्थक शब्दाला लागूनच नाम आले तर स्पॅनिश सामान्यतः ‘के’च पसंत करते. ‘कोणते पुस्तक?’ याला ‘के लिब्रो?’ म्हणतात.

इंग्रजीत ‘कोठून’ विचारताना ‘फ्रॉम’ वाक्याच्या शेवटी एकटे पडू शकते. स्पॅनिशला ते खपत नाही. ‘दे दोंदे’ म्हणजे कोठून, ‘कोन क्येन’ म्हणजे कोणाबरोबर. संबंध दाखविणारा शब्द प्रश्नार्थकाला चिकटूनच राहतो. मराठीतही ‘कोणा’ एकीकडे आणि ‘बरोबर’ दुसरीकडे असे कधी होत नाही. फरक इतकाच, की मराठीत तो मागे लागतो, स्पॅनिशमध्ये पुढे.

‘किती’च्या बाबतीत गुजराती मदतीला येते. मराठी ‘किती’ सदा अविकारी; दिवस असोत वा घरे, त्यात बदल नाही. गुजरातीत मात्र ‘केटला दिवस’ आणि ‘केटली चोपडी’. स्पॅनिशमध्येही ‘कुआंतोस दीआस’ आणि ‘कुआंतास कासास’, म्हणजे किती दिवस आणि किती घरे. लिंगवचनाप्रमाणे शब्द बदलण्याची ही रीत बडोद्याच्या मराठी मुलाला बाजारात ऐकूनच ठाऊक झालेली असते.

सर्वांत मोठी अडचण लेखनाची. प्रश्न विचारताना ‘दोंदे’, ‘कुआंदो’, ‘कोमो’ या शब्दांतील स्वरावर तिरकी आघातरेषा द्यावी लागते. तेच शब्द दोन वाक्ये जोडण्यासाठी आले तर ती रेषा नसते. या नियमाची किल्ली मराठीतच आहे. रेषा असेल तर कोठे, केव्हा, कसे. नसेल तर जेथे, जेव्हा, जसे. मराठी जे काम ‘क’ आणि ‘ज’ यांवर सोपविते, ते स्पॅनिश एका लहानशा रेषेवर सोपविते. ‘तो कोठे राहतो ते ठाऊक नाही’ या वाक्यात प्रश्नचिन्ह नाही, पण ‘क’ आहे. म्हणून स्पॅनिशमध्येही रेषा हवी. ‘का’ला ‘पोर के’ म्हणतात. तो दोन शब्दांत आणि रेषेसह लिहितात. त्याचे उत्तर ‘कारण’, म्हणजे ‘पोरके’, जोडून आणि रेषेविना येते.

मराठीत ‘तू येतोस का?’ यातील ‘का’ शेवटी येतो आणि ‘तू का येतोस?’ यात मध्ये येऊन कारण विचारतो. जागा बदलली की अर्थ बदलला. स्पॅनिश लेखनात प्रश्न कोठून सुरू होतो हे वाचकास आधीच कळावे म्हणून 1754 साली तेथील राजकीय अकादमीने वाक्यारंभी उलटे प्रश्नचिन्ह घालण्याचा नियम केला. प्रश्न नीट पोहोचावा याची काळजी दोन्ही भाषांनी आपापल्या परीने घेतली आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, 1931 साली, राज्यकारभारातील शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय एकत्र मांडणारा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ बडोद्यास सिद्ध झाला. एक भाषा दुसरीच्या शेजारी ठेवून पाहण्याची ही या नगरीची जुनी रीत आहे. मात्र शेजारी ठेवणे म्हणजे एकात एक कालविणे नव्हे. घरातले ‘का’ आणि ‘कसे’, शेजारचे ‘शा माटे’ आणि ‘केवी रीते’ ज्या मुलाच्या मुखी आपापल्या जागी शाबूत राहतील, त्याला तिसऱ्या भाषेचे दार ठोठावत बसावे लागणार नाही. ज्याच्या मुखी त्यांची सरमिसळ झाली, त्याच्यापाशी दोन भाषा असूनही किल्ली एकही उरणार नाही.