नाशिकहून आलेली पावले
(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गिरणीतला कामगार माणूस. शाळा अर्धवट, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यात झालं. समितीने विषय दिला, "तुम्ही मित्रांबरोबर पायी गेलात त्याबद्दल बोला." म्हणून २०१८ सालच्या किसान लाँग मार्चबद्दल बोलतो.

अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून हा मोर्चा निघाला आणि १२ मार्चला पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागातले आदिवासी शेतकरी त्यात जास्त होते. मागण्या पुष्कळ होत्या. कर्जमाफी, हमीभाव, म्हाताऱ्यांचे पेन्शन, रेशन, नद्यांचे पाणी. पण चालणाऱ्या माणसाला विचारलं की तो एकच सांगायचा, "प्लॉट नावावर करा." प्लॉट म्हणजे जंगलातली कसलेली जमीन. बाप-आजा तिथेच राबला, पण कागदावर ती जमीन वनखात्याची.

आमच्या खात्यातले आम्ही चौघे जायचे ठरवत होतो तेव्हा डबा खाताना वाद झाला. एक मित्र म्हणाला, "झेंडा लाल, माणसं डोंगरातली, आपला काय संबंध? फुकट तीन खाडे पडतील." खाड्याचं म्हणणं खरंच होतं. रोजावरच्या माणसाला तीन दिवस म्हणजे घरातलं रेशन. पण संबंध काय हे विचारल्यावर मला गप्प बसवेना. म्हणलं, बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले ते कोणासाठी? जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळे मुंबईत कौन्सिलवर चालून आली, ती काय एकाच जातीची होती? त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. ते बिल तेव्हा पास झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. म्हणजे कुळाला जमिनीसाठी मुंबईपर्यंत यावं लागतं ही गोष्ट काही नवीन नाही. मित्र काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन स्टेशनवर हजर!

आम्ही वाशिंदजवळ मोर्चा गाठला. ही माणसं तोवर कसारा घाट उतरून आली होती. मोर्चा म्हणजे घोषणा, असं आपल्याला वाटतं. तिथे घोषणा कमी आणि चालणं जास्त. रस्त्याच्या एका कडेने रांग, पुढे बाया, डोक्यावर लाल टोपी, काखेत गाठोडे. टेम्पो पुढे जाऊन मुक्कामाला चुली पेटवायचा. तांदूळ-डाळ घरून गोळा करून आणलेली. मार्चमधलं ऊन आणि खाली डांबर. पायातल्या स्लीपरा झिजून टाचेला भोकं पडलेली, कोणी पट्टा तारेने बांधलेला, कोणी नुसतेच अनवाणी. एका म्हातारीच्या तळव्याची कातडी सोललेली होती. फडकं गुंडाळून चालत होती. मी म्हणलं, "आजी, टेम्पोत बसा ना." ती म्हणाली, "टेम्पोत बसून आलो असं सांगितलं तर साहेब प्लॉट देईल का?" आम्ही चौघे बूट घालून होतो. त्यानंतर कोणी पाय दुखतात असं बोललं नाही.

११ तारखेला ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने सायनच्या सोमय्या मैदानावर आलो. वाटेत मुंबईची माणसं पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चपला घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहावीचा पेपर. सकाळी मोर्चा निघाला तर रस्ते तुंबणार, पोरं अडकणार. तेव्हा ठरलं की रात्रीच निघायचं. दिवसभर चाललेली माणसं मध्यरात्रीनंतर परत उठली आणि आवाज न करता चालू लागली. ज्यांची स्वतःची पोरं आश्रमशाळेत जेमतेम शिकतात त्यांनी शहरातल्या पोरांच्या परीक्षेसाठी झोप सोडली. पेपरात याचं कौतुक झालं. मला विचाराल तर कौतुकापेक्षा दावे निकाली निघाले असते तर बरं.

संध्याकाळपर्यंत सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असे लिहून दिले. माणसं रेल्वेने परत गेली. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांना पुन्हा नाशिकहून निघावं लागलं, आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून परत एकदा. तेव्हा मोर्चा वाशिंदलाच थांबला आणि तिथे आश्वासन मिळाले. एकाच कामासाठी माणसाने किती वेळा चालायचं?

आता आपल्या घरचं बोलतो. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो कसतो त्याला चार हेक्टरपर्यंत जमीन मिळू शकते. अनुसूचित जमातीच्या माणसाला तीन पिढ्यांचा पुरावा लागत नाही. पण जो आदिवासी नाही, त्याला तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्यातल्या काही कुटुंबांचे भाऊबंद गावाकडे जंगलाच्या कडेला जमीन कसतात, ते या दुसऱ्या वर्गात येतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्या आजोबाला कागद कोण देत होतं? सातबारा तर नाहीच, गावदप्तरात नाव लिहायलाही तलाठी खळखळ करायचा. म्हणून दावा फेटाळला की आपला माणूस घरी बसतो. बसू नये. कायद्यात गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. जुनी घरपट्टीची पावती, मतदार यादी, रेशनकार्ड चालतं. दावा ग्रामसभेकडे करायचा असतो, आणि निर्णय विरोधात गेला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं.

ज्यांच्या गावाकडे असे दावे पडून आहेत त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर थांबावे. कागद असतील ते पिशवीत घालून आणा, नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा. तो डब्यावर वाद घालणारा मित्रही येणार आहे. अर्ज लिहायला त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

जयभीम.