कोशिंबीर की सॅलड?

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या बाया. आमच्या मध्ये भीमा वाहते, पण लग्नसराईत स्वयंपाकाच्या ऑर्डरी आम्ही दोन्हीकडच्या मिळून घेतो. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. त्या शब्दापायी आमचे हजार रुपये गेले.

झालं असं, साखरपुड्याचं दोनशे पानांचं जेवण होतं. ऑर्डरच्या वहीत आम्ही 'सॅलड' लिहिलं. म्हटलं, जरा बरं दिसतं. काकडी, टोमॅटो, कांदा, बीट यांच्या चकत्या केल्या आणि मांडल्या. पंगत बसली तशी नवरीच्या आजींनी विचारलं, "कोशिंबीर कुठाय?" आम्ही म्हटलं, "ही काय, वाढलीय की." त्या म्हणाल्या, "ही नुसती चिरलीय. केलं काय हिचं?" हिशेबाला बसल्यावर पानामागे पाच रुपये कापले गेले. तेव्हा राग आला. नंतर मात्र आजींचं पटलं.

कोशिंबीर नुसती चिरून होत नाही. काकडी कोचवायची, नाहीतर गाजर किसायचं. दाण्याचं कूट, लिंबू किंवा दही, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी आणि कोथिंबीर. पानात तिची जागा डावीकडे, चटणी-लोणच्याच्या शेजारी. कांदा-टोमॅटो बारीक चिरून कालवला की कचुंबर. कोवळ्या मेथीत कांदा, कूट, तेल घातलं की घोळाणा. कर्नाटकात कोसंबरी करतात, तिच्यात भिजवलेली मूगडाळ असते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आपली कैरीची डाळ तिच्याच नात्यातली.

आता सॅलडचं ऐका. हा शब्द मुळात मिठावरून आला. लॅटिन भाषेत मिठाला 'साल' म्हणतात. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं! आमच्या चकत्यांना तर मीठही नव्हतं. म्हणजे ती ना कोशिंबीर झाली, ना सॅलड.

सॅलड हा शब्द वाईट नाही. ज्याला चकत्या हव्यात त्याला चकत्याच द्याव्यात. पण चकत्या एकटी बाई तासाभरात कापते आणि दोनशे पानांच्या कोशिंबिरीला तिघी सकाळपासून लागतात. दोन्हींना एकच नाव दिलं, तर तिघींचे कष्ट वहीत दिसणार कुठे? आणि जे वहीत दिसत नाही, त्याचे पैसे कोण देणार?

म्हणून आता आम्ही वहीत पदार्थाचं नाव लिहितो, त्यात काय काय पडणार ते लिहितो आणि दर वेगळा लावतो. मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सगळं वाचून दाखवतो. मीठ मात्र पंगत बसतानाच घालतो, कारण आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं.

तुमच्याकडे कोशिंबिरीला काय म्हणतात? तेच नाव वहीत लिहा, मैत्रिणींनो. आणि त्याचा दर सांगताना लाजू नका.