थिजलेलं डिझेल

थंडीच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही, हे आपण घरोघरी पाहिलं आहे. डिझेलचंही तेच. त्यात मुळातच मेणाचा अंश असतो. गारठा वाढला की ते आधी गढूळ दिसतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरमध्ये अडकतात. टाकीत डिझेल अजून पातळ असतं, पण इंजिन उपाशी! सगळंच थिजणं ही त्यापुढची गोष्ट.

समजा, मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच, घेऊन तुम्ही पुण्याहून ऐन हिवाळ्यात स्पितीला निघालात. काझ्याला जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. गाडी बंद पडली तर तिथेच मुक्काम करू, घर बरोबर आहेच, असं वाटेल. पण अनेक मोटारहोममधला हीटर त्याच टाकीतल्या डिझेलवर चालतो. इंजिन आणि ऊब, दोन्ही एकदमच जातात. खरा धोका हा आहे.

गाडी थंडीत पोचते, टाकीतलं डिझेल मात्र जिथे भरलं तिथल्या हवेचं असतं. भारतीय मानकाप्रमाणे साधं डिझेल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ६ अंश सेल्सियसपर्यंत आणि एरवी १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं. त्याखालची हमी नाही. जर्मनीत हिवाळी डिझेलला उणे २० अंशांची अट आहे. आपल्याकडे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं. पण ते प्रत्येक पंपावर मिळेल असं धरून चालू नका, विचारून घ्या. म्हणून खालच्या गावातलं डिझेल वाटेत संपवत जावं. आणि थंडीतलं डिझेल मिळालं की टाकी काठोकाठ भरावी. रिकाम्या जागेत बाष्प साठतं, त्याचं पाणी होतं आणि तेही फिल्टरमध्ये गोठतं.

खास डिझेल नसेल तर थिजणं रोखणारं रसायन बाटलीत मिळतं. ते डिझेल पातळ असतानाच, भरण्याआधी टाकीत ओतायचं. ते मेणाचे कण मोठे होऊ देत नाही. एकदा जमलेलं मेण मात्र त्याने विरघळत नाही. पूर्वी पहाडात सर्रास रॉकेल मिसळत. नव्या बीएस-६ गाडीत ते करू नये. तिच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलमध्ये तो गुण कमी. शिवाय रेशनचं रॉकेल डिझेलमध्ये मिसळणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

तरीही थिजलंच, तर सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. टाकीखाली शेगडी पेटवण्याचा उपाय कुणी सुचवेल. त्याला हात जोडा. गाडी उन्हात किंवा बंदिस्त उबदार जागेत ओढून न्या, फिल्टर बदला. तो फिल्टर, त्याचा पाना आणि घरातल्या साऱ्यांना पुरतील इतक्या रजया निघतानाच गाडीत असू द्या.