काळ्या खडकांची साक्ष : समुद्रातील प्राणवायू ओसरला तेव्हा



गावातील जुन्या तळ्याचा गाळ उपसताना तळाशी काळा, कुजकट वासाचा चिखल लागतो, हा अनुभव ग्रामीण भागात अनेकांना आहे. तळ्यात पाला, शेवाळ आणि मेलेले जीव पडत राहतात. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. तळाशी तो संपला म्हणजे कुजण्याची क्रिया मंदावते, जैव द्रव्य चिखलात साठत जाते आणि त्यातूनच तो काळा रंग व दुर्गंध निर्माण होतो. एका तळ्यात घडते ते महासागराच्या विस्तीर्ण भागांत घडू शकेल काय? असे पूर्वी अनेकदा घडले आहे, असे उत्तर प्राचीन खडक देतात.

गुब्बिओचा काळा पट्टा

इटलीच्या उंब्रिया प्रांतात गुब्बिओ नावाचे जुने नगर आहे. त्याच्या परिसरातील डोंगरांत फिकट रंगाच्या चुनखडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. एके काळी हा भाग समुद्राचा तळ होता आणि सूक्ष्म जीवांची कवचे साचून हे थर तयार झाले. या फिकट थरांच्या मध्येच सुमारे एक मीटर जाडीचा काळा पट्टा आहे. ग्विदो बोनारेल्ली या इटालियन भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘बोनारेल्ली थर’ या नावाने ओळखला जातो. त्याचे वय सुमारे 9 कोटी 40 लाख वर्षे आहे. आजूबाजूच्या चुनखडकात जैव कार्बन जवळजवळ नसतोच. या पट्ट्याच्या काही भागांत मात्र तो वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत आढळतो.

हा पट्टा केवळ एका स्थानिक खोलगट भागाची कहाणी सांगतो, असे पूर्वी मानता आले असते. परंतु 1968 मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजावरून सागरतळाचे छिद्रण सुरू झाले आणि एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी त्याच काळाचे काळे थर हाती आले. 1976 मध्ये सिमोर श्लांगर आणि ह्यू जेन्किन्स यांनी या सर्व थरांची संगती लावली. क्रिटेशस कालखंडात महासागरांतील प्राणवायू मोठ्या प्रमाणावर घटण्याचे प्रसंग आले होते, असा विचार त्यांनी मांडला. पुढील संशोधनाने त्याला भक्कम आधार मिळत गेला.

पुरावा कसा वाचतात?

केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून शास्त्रज्ञ अनेक साक्षी एकत्र तपासतात. पहिली साक्ष थरांच्या रचनेची. समुद्रतळावर प्राणवायू असेल, तर किडे आणि शिंपले गाळात बिळे करून तो ढवळून टाकतात. प्राणवायू नसेल, तर गाळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे जसेच्या तसे टिकतात. दुसरी साक्ष पायराइट या लोह व गंधक यांच्या खनिजाची. प्राणवायूरहित पाण्यात काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण करतात आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन अखेरीस पायराइट बनते. तिसरी साक्ष मॉलिब्डेनम या धातूची. अशा गंधकयुक्त पाण्यातून तो गाळात अधिक प्रमाणात उतरतो.

चौथी साक्ष विशेष लक्षणीय आहे. हिरव्या रंगाच्या काही गंधकजीवी जीवाणूंना सूर्यप्रकाश आणि हायड्रोजन सल्फाइड या दोन्हींची गरज असते. त्यांच्या रंगद्रव्याचे अवशेष अटलांटिक महासागरातील याच काळाच्या काळ्या थरांत मिळाले. याचा अर्थ असा की, तेथे विषारी पाणी खोल तळापुरते मर्यादित नव्हते. प्रकाश पोहोचतो तेथपर्यंत ते वर आले होते. युरेनियमच्या समस्थानिकांवरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या काळी जगातील 8 ते 15 टक्के सागरतळ प्राणवायूरहित झाला होता. आज हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

कारणांची साखळी

या आपत्तीचे मूळ ज्वालामुखींत असावे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्याच सुमारास कॅरिबियन भागात लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हवामान तापले. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही पहिली हानी. उष्ण व दमट हवामानात खडकांची झीज वाढली आणि नद्यांनी फॉस्फरससारखी पोषकद्रव्ये समुद्रात आणून टाकली. त्यामुळे प्लवकांची बेसुमार वाढ झाली. ते मरून कुजू लागताच उरलासुरला प्राणवायूही संपला, ही दुसरी हानी. शिवाय प्राणवायू नसलेला गाळ आपल्यातील फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो. अशा रीतीने हे चक्र स्वतःच स्वतःला गती देत राहिले.

त्यातून सुटकाही कार्बन गाडला गेल्यानेच झाली. काळ्या गाळात कार्बन साठत गेला, हवेतील कार्बन डायऑक्साइड घटला आणि हवामान काहीसे निवळले. मात्र या साऱ्या घडामोडींना लाखो वर्षे लागली. निसर्ग आपली घडी पुन्हा बसवतो हे खरे, परंतु त्याचा काळ माणसाच्या पिढ्यांत मोजता येत नाही.

आजच्या समुद्राची स्थिती

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. 1960 नंतरच्या पन्नास वर्षांत महासागरांतील एकूण प्राणवायू सुमारे 2 टक्क्यांनी घटला, असे मोजमापांवरून दिसून आले आहे. अरबी समुद्र तर या दृष्टीने जगातील नाजूक भागांपैकी एक होय. तेथे सुमारे दीडशे ते एक हजार मीटर खोलीच्या दरम्यान अत्यल्प प्राणवायू असलेल्या पाण्याचा जाड थर कायमच असतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ते पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वर चढते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर उथळ किनारी पाण्यातही हायड्रोजन सल्फाइड आढळल्याचे नमूद केले. हे चक्र मुळात नैसर्गिक आहे. परंतु जमिनीवरून वाहून येणारी नत्रयुक्त द्रव्ये त्याची तीव्रता वाढवीत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा काळात तळाजवळचे मासे व कोळंबी टिकू शकत नाहीत आणि त्याची झळ मच्छीमारांच्या संसाराला पोहोचते.

क्रिटेशस काळासारखी आपत्ती उद्याच ओढवेल, असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. तथापि तापमानवाढ आणि पोषकद्रव्यांचा अतिरेक ही जी दोन कारणे गुब्बिओच्या खडकात नोंदली गेली, तीच आज माणसाच्या हातून घडत आहेत, हे विसरून चालणार नाही. यांपैकी दुसऱ्या कारणावर गावपातळीवरही उपाय करता येतो. माती परीक्षणानुसार खताची मात्रा ठरविणे, बांधबंदिस्ती करून माती अडविणे आणि सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यात न सोडणे, ही कामे शेताच्या आणि गावाच्या हिताची आहेतच. ती नदीच्या मुखापलीकडील समुद्राच्याही हिताची आहेत. शिक्षकांनी गावच्या तळ्यातील काळा चिखल विद्यार्थ्यांना दाखवून हा धडा समजावून द्यावा. 9 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाची भाषा त्यांना त्याच चिखलात वाचता येईल.