फवारणी पंपाचे वायसर आणि धुणे



करडी भागात धानाच्या बांधीत तणनाशक मारले की तोच पंप पाठीवर घेऊन आपण वांग्यांत शिरतो. घात होतो तो इथेच. २,४-डी चा थोडा अंश टाकीत, नळीत, वायसरच्या खाचेत राहिला तरी वांगी, मिरची, टोमॅटोची पाने आकसतात, शेंडे पिळवटतात. मग रोग समजून आपण आणखी औषध आणतो!

तणनाशकाला पंप वेगळाच असावा. ते जमत नसेल तर तीन पाण्यांनी धुवावा, दरवेळी पाणी नोझलमधून बाहेर काढावे. नंतर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत व नळीत रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा साध्या पाण्याने धुवावा. हे पाणी बोडीत, नाल्यात, विहिरीजवळ सांडू नये. फवारलेल्या बांधीतच शिंपडावे.

आता वायसर. झाकणाचे चिरले की औषध पाठीवर झिरपते, खटक्याचे गेले की हातावर. सुतळी गुंडाळून भागवू नका, मापाचे नवे बसवा. चामड्याचे असेल तर तेल द्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले, हे आपण विसरलो नाही ना?

नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. काम संपताच साबणाने आंघोळ करावी, कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. मळमळ, घाम, अंधारी आली तर तडक दवाखाना गाठावा. औषधाची बाटली चिठ्ठीसकट सोबत न्यावी, डॉक्टरांना ती लागते.