परवानगीचा कागद



 

मध्यप्रदेशातल्या मराठी मंडळांच्या या जबलपूरच्या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून बृहन्महाराष्ट्रातल्या मराठीचा आढावा मी घ्यावा, अशी अपेक्षा आहे. तो थोडक्यात सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना झाली, उच्च न्यायालय जबलपुरात आले आणि त्याच्यामागोमाग वकिलांची, कारकुनांची मराठी घरे आली. आधीच्या मराठी घरांबरोबर त्यांनी गणेशोत्सव चालवले, वाचनालये जपली, नाटके बसवली. त्यांची नातवंडे आज पुण्याला नाहीतर बंगळुरूला आहेत. आपल्या सभासद-यादीत सत्तरीच्या आतली नावे कमी होत चालली आहेत. यावर उद्याच्या परिसंवादात जाणकार बोलतीलच. मी पस्तीस वर्षे मंडळाचा कार्यवाह होतो, आणि त्या पस्तीस वर्षांत मनात साठलेली एकच गोष्ट आज बोलणार आहे. पालिकेच्या जागेवर फलक लावण्याची परवानगी, हा माझा विषय.

विषय लहान वाटेल. पण आमच्याकडचा नाट्यमहोत्सव प्रायोजक तुटल्यामुळे बंद पडला, आणि तो का तुटला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गावाचे नाव घेत नाही. लोखंडी सामानाचे एक व्यापारी, मराठीचा एक शब्द न येणारे, तीन दिवसांच्या महोत्सवाचा निम्मा खर्च उचलायला तयार झाले. त्यांची अट एकच होती: मैदानाच्या फाटकावर दुकानाचे नाव दिसावे. मी दीड महिना आधी अर्ज दिला. खिडकीवरच्या बाबूंनी विचारले, दुकानाचे नाव आहे म्हणजे ही जाहिरात ना? मी म्हणालो, हे आभार आहेत. ते म्हणाले, आभारांचा दर आमच्या तक्त्यात नाही. धंदेवाईक जाहिरातीचा दर लागला. मग वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र मागितले, मग आणखी एका विभागाचे. परवानगीचा कागद हातात पडला तो महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता. तोवर त्याच फाटकावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा वीस फुटी फलक दिमाखात उभा होता, आणि त्याची कुठे नोंद आहे का, हे विचारायची त्या खिडकीवर कुणाची छाती नव्हती. व्यापाऱ्यांनी पैसे पूर्ण दिले. पुढच्या वर्षी मात्र दारातूनच हात जोडले.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, परवानगीच्या भानगडीत पडूच नका, रात्रीतून लावून टाका. त्यांना माझे उत्तर माझ्याच अपराधातून आलेले आहे. कार्यवाहपणाच्या दुसऱ्या वर्षी मी तसेच केले होते. बांबूची चौकट, वर कापड, आणि ती सुतळीने विजेच्या खांबाला बांधलेली. वैशाखातल्या वावटळीत ती चौकट एका दूधवाल्याच्या अंगावर पडली. त्याचे गळ्याखालचे हाड मोडले. मी दोन महिने त्याच्या घरी जात होतो. त्याने तक्रार केली नाही, त्यामुळे मला झोप यायला आणखी वेळ लागला. त्या दिवसापासून परवानगीशिवाय एक पताकाही मी लावलेली नाही.

13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळला. सतरा माणसे गेली. तो फलक 120 फूट लांब आणि तितकाच उंच होता. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 फुटांची. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून महापालिका म्हणाली आमची परवानगीच नव्हती. त्याआधी ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्याच्या जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेवरचा फलक उतरवताना पडला आणि चार जण गेले. या बातम्या वाचताना मला तो दूधवाला आठवत होता. जबलपुरातही जागेचे मालक अनेक: नगर निगम, छावणी मंडळ, संरक्षण साहित्याचे कारखाने, आणि 2003 पासून इथेच मुख्यालय असलेली पश्चिम मध्य रेल्वे. सदरकडून गोलबाजारापर्यंत चालत गेलात तर पायाखालची जमीन कोणाची, हे रस्त्यात बदलते. अशा शहरात परवानगीचा कागद ही नुसती औपचारिकता मानणे मला मंजूर नाही. फलक पडला तर जबाबदार कोण, हे तो कागद सांगतो.

आणि या गावाने तर हा प्रश्न फार पूर्वी अंगावर घेतला आहे. 1923 मध्ये इथल्या नगरपालिकेने टाउन हॉलवर राष्ट्रीय झेंडा लावायचे ठरवले. इमारत पालिकेची, ठराव पालिकेचा, आणि नकार जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाचा. 18 मार्चला पंडित सुंदरलालांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली, अटका झाल्या, आणि झेंडा सत्याग्रह इथून नागपूरला गेला. आपल्या दुकानदाराच्या नावाची त्या झेंड्याशी बरोबरी मी करत नाही. लोकांच्या जागेवर काय लागेल, हे लोकांना विचारून, लेखी कारण देऊन ठरले पाहिजे, एवढेच मला त्यातून घ्यायचे आहे.

दुसरे मित्र म्हणतात, मैदान सोडा, लॉन भाड्याने घ्या. ते परवडणारी मंडळे या सभागृहात किती आहेत? आणि मैदान सोडले की रस्त्याने जाणारा माणूस आत डोकावत नाही. आमच्या नाटकांना असे डोकावून आलेले हिंदी प्रेक्षक मी मोजले आहेत. एका प्रयोगाला बेचाळीस होते.

नियम नाहीत असे नाही. मध्यप्रदेशात 2017 पासून बाह्य जाहिरातींचे नियम आहेत. 2010 साली याच राज्याने देशात पहिल्यांदा लोकसेवा हमीचा कायदा केला. ठरल्या मुदतीत काम न केल्यास अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पाच हजार दंड. ज्या राज्याने हे केले, त्याच्याकडे मागणे अवघड नाही. तीन दिवसांच्या सांस्कृतिक फलकाला सात दिवसांत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. प्रायोजकाच्या आभारांचा वेगळा, कमी दर असावा. आणि तो तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लागावा. यासाठी एक समिती नेमू. मसुदा हिंदीत करावा लागेल. वकील मंडळींनी पुढे यावे. बाकी तपशील सवडीने ठरवू.

आजच्या संमेलनाच्या फाटकावर जो फलक आहे त्याच्या उजव्या कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आणि मुदत लिहिली आहे. जाताना वाचा. मुदत उद्या रात्री दहापर्यंत आहे. समारोपानंतर तो उतरवायला चार जण हवे आहेत, शिडी मी सांगून ठेवली आहे.