रानवाटेची मोटार

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी व मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडावी लागते आणि मग चाकणचा उद्योगपट्टा सुरू होतो. पिंपरीपासून येथपर्यंतच्या टापूंत मोटारीचा जवळजवळ प्रत्येक भाग कोठें ना कोठें ओतला, ठोकला किंवा कातला जातो. अशा ठिकाणीं मोटारीचा नाद लागला नाहीं तरच नवल. आठवडाभर यंत्रापाशीं उभा राहणारा एखादा तरुण सुटीच्या दिवशीं आपली नवी गाडी घेऊन लहानशा कार्यशाळेच्या दारांत येतो व ‘ही स्पीतीला न्यावयाची आहे, हिला तयार करा’ असें सांगतो. गाडी उंच करावी, टायर मोठे बसवावे, पुढें लोखंडी कठडा, वर टप आणि दिव्यांची रांग असावी, अशी त्याची यादी असते. या यादींतील किती गोष्टी प्रवासाच्या उपयोगाच्या व किती केवळ आरशापुढें उभें राहण्याच्या, याचाच विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

आडवाटेची मोटार या देशांत नवी नाहीं. महायुद्धांत नांवाजलेल्या विलिस जीपची जुळणी महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईस सुरू केली. पिंपरीच्या टाटा कारखान्यांतून १९९१ मध्यें ‘सिएरा’ व १९९८ मध्यें ‘सफारी’ बाहेर पडली. आकुर्डीस मुख्य कचेरी असलेल्या फोर्स मोटर्सची ‘गुरखा’ ही तर खास याच कामाची गाडी. पण नांवावर जाऊं नये. जुनी ‘सफारी’ चारी चाकांच्या चालनासह मिळत असे. २०२१ सालीं त्याच नांवानें आलेल्या गाडींत इंजिनाची शक्ति पुढील दोनच चाकांना मिळते. ‘थार’चाही २०२३ पासून एक प्रकार केवळ मागील चाकांवर चालणारा निघाला आहे. अशा गाडीला कितीही दांडगे टायर बसविले तरी तिचीं उरलेलीं दोन चाकें कामाला लागत नाहींत. तेव्हां फेरफाराचा पहिला रुपया खर्चण्यापूर्वीं आपल्या गाडीच्या पोटांत काय आहे, तें पाहावें.

उंचीचा प्रश्न सर्वांत अधिक गैरसमजाचा आहे. कमानी बदलून गाडी वर उचलली म्हणजे तिचें पोट दगडाला लागणार नाहीं, असें मानलें जातें. सांगाडा व दारें उंच होतात हें खरें. परंतु अखंड ॲक्सलच्या गाडींत डिफरन्शिअलचा गोळा चाकांच्याच आंसावर असतो. कमान कितीही उचला, तो होता तेथेंच राहतो, आणि वाटेंतील धोंडा पुष्कळदां आधीं त्यालाच लागतो. त्याला वर नेण्याचा मार्ग एकच, मोठें चाक. आतां २४५/७० आर १६ या मापाचा टायर घ्या. त्याची रुंदी २४५ मिलीमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७०, व आंतील कडें १६ इंची. एकूण व्यास सुमारें ७४९ मिलीमीटर भरतो. त्याऐवजीं २५५/६५ आर १८ घेतला तर व्यास सुमारें ७८९ होतो. व्यास वाढला ४० मिलीमीटर. पण गोळा उचलला जाईल त्याच्या निम्मा, म्हणजे अवघा बोटभर. या बोटभर लाभाची किंमत पुष्कळ ठिकाणीं चुकती करावी लागते. चाकाचा घेर शेंकडा पांच वाढल्यामुळें वेगमापक १०० दाखवी तेव्हां गाडी १०५ च्या वेगानें धांवत असते, गिअर तितकेच जड होतात आणि ब्रेकला अधिक वजनदार चाक थांबवावें लागतें. कमानी उचलल्यानें तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, शक्ति मागें नेणाऱ्या दांड्याचा कोन वाढून त्याचे सांधे झिजतात. आणि घाटांतील वळणावर, टपावर सामान असतांना, ती गाडी अधिक कलते. ताम्हिणीच्या ओल्या उतारावर याचा अर्थ काय होतो, तें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं.

मग करावें काय? चांगला, रुंद खांचांचा टायर मूळ मापांतच घ्यावा, व हवेचा एक छोटा पंप जवळ ठेवावा. वाळूंत किंवा चिखलांत दर चौरस इंचास ३२ पौंडांची हवा १८ वर आणली कीं टायर जमिनीवर पसरतो आणि रुतलेली गाडी पुष्कळदां आपोआप निघते. कित्येक हजारांच्या कमानींनीं जें होत नाहीं, तें या फुकटच्या युक्तीनें साधतें. मात्र पक्क्या रस्त्यावर येतांच हवा पुन्हां भरली पाहिजे. नाहींतर टायर तापून फुटतो.

पाण्यासंबंधीं तर विशेष सावधगिरी हवी. ‘गुरखा’ ७०० मिलीमीटर पाण्यांतून जाते असें तिचे कर्ते सांगतात, व इंजिनाला वरून हवा घेणारें नळकांडें तिला कारखान्यांतूनच येतें. पण हा आंकडा स्थिर पाण्याचा समजावा. सह्याद्रींतील ओढे जुलै महिन्यांत स्थिर नसतात, आणि सुमारें दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारींना उचलून वाहवत नेतें. नळकांडें इंजिनाला वांचवील; आंत बसलेल्या माणसांना नव्हे. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. तापलेला ॲक्सल एकाएकीं थंड पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आकसते व सीलवाटे पाणी आंत ओढलें जातें. मग तेल दुधासारखें होऊन दांते खराब होतात. ॲक्सलच्या श्वासनळीला लांब रबरी नळी जोडून तिचें तोंड उंच नेलें कीं हें टळतें. खर्च किरकोळ आहे, पण ती नळी कोणाला दिसत नाहीं. म्हणून यादींत तिचा क्रमांक शेवटीं लागतो.

याहून गंभीर गोष्ट रुतलेली गाडी ओढून काढण्याची. लवचिक नायलॉनचा दोरखंड ताणला जातो व साठविलेली शक्ति एकदम सोडतो. त्याचें टोंक गाडीच्या सांगाड्याशीं योग्य आंकड्यानें बांधलेलें असलें पाहिजे. गाडीमागें जोडगाडी ओढण्यासाठीं असलेल्या लोखंडी गोळ्याला असा दोरखंड अडकविल्यामुळें तो गोळा तुटून, तोफेच्या गोळ्यासारखा उडून, माणसें ठार झाल्याच्या घटना ऑस्ट्रेलियांत घडल्या आहेत. उद्योगनगरींत वेल्डिंग करणारे हात कुशल आहेत खरे. तथापि सांगाड्याच्या पोलादावर जोडाची उष्णता लागली कीं त्याचा गुण बदलतो, आणि घाईनें चिकटविलेला आंकडा किती ओढ सोशील हें डोळ्यांनीं कळत नाहीं. म्हणून आंकडा बोल्टानें बसविलेला व भार छापलेला घ्यावा, ओढतांना दोराच्या मध्यावर जाड गोधडी टाकावी, आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभें करावें.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कर्त्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ स्पष्ट केला. पुढील लोखंडी कठड्याविरुद्ध केंद्र शासनानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना लिहिलें, व त्याला कारणही आहे. असा कठडा टकरीचा धक्का गिळून न टाकतां सरळ सांगाड्यावर नेतो, एअरबॅगच्या कार्यांत बाधा आणूं शकतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो. कर्त्याने स्वतः बनविलेली किंवा मान्य केलेली सामग्री वेगळी. बाकी फेरफार विमा कंपनीला न कळवितां केला तर दाव्याच्या वेळीं तो आड येऊं शकतो. एम एच १४ च्या पाटीची गाडी हिमाचलांत अडविली गेली, तर वाद घालण्यास घर फार दूर असतें.

थंडीचाही विचार हवा. लडाखांत हिवाळ्यांत साधें डिझेल घट्ट होतें; इंडियन ऑईलनें तेथें १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, नोव्हेंबर २०१९ मध्यें उणें ३३ अंशांपर्यंत न गोठणारें डिझेल पुरविण्यास आरंभ केला. पुण्याहून भरून नेलेल्या डब्यांचा तेथें उपयोग नाहीं. उलट ते टपावर ठेवल्यास भार होतो. वीस लिटर डिझेल सुमारें १७ किलो, तितकेंच पाणी २० किलो, त्यांत तंबू व जादा चाक. हां हां म्हणतां टपावर एक माणूस बसल्यासारखें होतें.

यासाठीं निघण्याच्या आधींच्या शनिवारीं एक साधी गोष्ट करावी. चाकणच्या आसपास मालमोटारींसाठीं वजनकांटे आहेत. पूर्ण सामान व सर्व माणसें भरून गाडी तेथें न्यावी. आधीं पुढील चाकें कांट्यावर घेऊन वजन घ्यावें, मग मागील, मग सबंध गाडी. हे आंकडे कागदावर मांडून कर्त्याने दिलेल्या कमाल भाराशीं ताडून पाहावे. जितके किलो अधिक भरतील, तितकें सामान तेथेंच उतरवावें, आणि त्यांत पहिला क्रमांक टपावरील दिव्यांच्या रांगेचा असावा.